धाकट्याने आधी छाती द्यायची

सात फेब्रुवारीला, बुधवारी, बर्फाच्या कारखान्याने एक यंत्र विकत घेतले. किंमत, करासकट, एक लाख बारा हजार आठशे चाळीस. लाल डबा, वजन पावणेदोन किलो, आत दोन चिकट पट्ट्या आणि बाईच्या आवाजात बोलणारी पेटी. माणसाचे हृदय ठोके विसरून नुसते थरथरायला लागले, की विजेचा झटका देऊन त्याला ताळ्यावर आणायचे, हे त्या पेटीचे काम. आली ती वरातीमागून घोडे आल्यासारखी. ज्याला तिची गरज होती तो अमोनियाच्या मशीनवरचा काका डिसेंबरातच गेला होता. आणि गेला तो घण्याच्या मांडीवर.

घण्या हे काही आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. सोळाव्या वर्षी तो बर्फावर कामाला लागला आणि पहिल्याच महिन्यात त्याने एका थोराड हमालाचे दोन दात पाडले. "हा हात आहे का घण?" असे तो हमाल रक्त थुंकत म्हणाला, आणि नाव चिकटले ते चिकटलेच. आता तो सेहेचाळिशीला आला होता. दीडशे किलोची लादी लोखंडी आकड्याने ओढत फलाटावरून ट्रकच्या तोंडाशी न्यायची, हे तीस वर्षांचे काम. त्या कामाने त्याला दाराएवढे खांदे दिले आणि डाव्या पायाची दोन बोटे घेतली. एकदा आकडा जरा सैल सोडला, तर लादी फिरून पायावरून गेली. तेव्हापासून त्याने मनाशी एकच गाठ मारली होती: धरलेल्या वजनावरचा जोर सोडायचा नाही.

बाप चुन्याच्या भट्टीवर होता. तो पोरांना भिजवलेल्या दोराने मारायचा, कारण कोरडा दोर आवाज फार करतो आणि शेजारी येतात. चौदाव्या वर्षी घण्याने तो दोर हवेतच धरला, बापाच्या हातातून ओढून घेतला आणि एक फटका, फक्त एक, बापाला परत केला. त्या दिवशी घर सुटले. बापाकडून तो एक धडा मात्र उलटा शिकला: बाहेर काय हात चालवायचा तो चालवावा, उंबऱ्याच्या आत नाही. लग्नाला बावीस वर्षे झाली, बायकोवर त्याने कधी हात उचलला नव्हता. बाहेरचा हिशेब निराळा. बाहेर त्याने एकाचा जबडा, एकाचे नाक आणि एका मुकादमाचे मनगट मोडले होते.

काका फलाटावर कोसळला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. एकाने तोंडावर पाणी मारले, एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. घण्याने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि शुद्धीवर यावा म्हणून गालावर थपडा मारल्या, एक नाही, दहा. काका घशातून घर्र-घर्र आवाज काढत होता. थांबून थांबून, बुडणाऱ्यासारखा. "श्वास चालू आहे, घाबरू नका," असे सगळे एकमेकांना सांगत होते. बावीस मिनिटांनी रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या डॉक्टरने बुबुळे पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, "हा श्वास नसतो. हृदय बंद पडल्यावरचे आचके असतात हे. छाती दाबायला हवी होती, तेव्हाच." मग त्याने काकाच्या गालाकडे बोट केले. "आणि हे काय?"

मेलेल्या गालावर घण्याची पाच बोटे उठली होती.

मालकाने यंत्र घेतले आणि शिकवायला एक सिस्टर बोलावली. सहा जण निवडले, त्यात घण्या आणि चुरामावशी. मावशी अठ्ठावन्न वर्षांची, काटकुळी. दिवसभर बर्फाच्या लाद्या चुरा करायच्या मशीनमध्ये ढकलायची. उजव्या हाताची तर्जनी त्याच मशीनने घेतली होती.

सिस्टर उंचीने एवढीशी, पण आवाज फलाटाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. तिने हातापायांविना एक रबरी माणूस जमिनीवर ठेवला.

"कोण येतंय पहिलं?"

सगळ्यांनी घण्याकडे पाहिले. घण्या गुडघ्यांवर बसला, हातावर हात ठेवला आणि दाबले. कडाड्! आतली स्प्रिंग मोडली.

"अहो, माणूस वाचवायचाय! खुंटा नाही ठोकायचा!"

"खुंटा ठोकायलाच बोलावतात त्याला, सिस्टर," मुकादम म्हणाला. "वाचवायला आजवर कुणी बोलावला नाही."

सिस्टरने दुसरा रबरी माणूस काढला. "छातीच्या मधोमध. पाच-सहा सेंटिमीटर खाली, आणि मग छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. करा." घण्याने केले. ती वाकून बघत राहिली. "दाबताय छान. सोडत का नाही? सगळं वजन तसंच ठेवलंय वर."

"सोडलं तर निसटेल ना."

"काय निसटेल? तो काय बर्फ आहे? तुम्ही सोडलं नाही तर हृदयात रक्त भरणार कुठून? दाबलंत की रक्त बाहेर जातं, सोडलंत की आत येतं. अर्धंच काम करताय तुम्ही!"

पुन्हा केले. पुन्हा तेच. तीस वर्षांचे खांदे एका दुपारीत कुठले ऐकतात? चुरामावशीने मात्र पहिल्याच खेपेला असे दाबले की सिस्टरने चष्मा सरळ केला. "मावशी, कुठं शिकलात?"

"मशीनवर. एका ठेक्यात ढकलायचं, लगेच हात मागं घ्यायचा." तिने चार बोटांचा पंजा वर केला. "हात मागं घ्यायला विसरलं की असं होतं."

"बरगडी मोडली तर?" कुणीतरी विचारले.

"मोडते पुष्कळदा. मोडू द्या. मोडक्या बरगडीचा माणूस जगतो, बंद हृदयाचा नाही."

घण्याचे कान टवकारले. "म्हणजे मोडली तरी चालतं?"

"चालतं. मोडलीच पाहिजे असं नाही हो!"

हसून झाल्यावर तिने यंत्र दाखवले. छाती उघडी करायची, ओली असेल तर आधी कोरडी पुसायची. एक पट्टी उजव्या खांद्याखाली, दुसरी डाव्या कुशीत. यंत्र 'लांब व्हा' म्हणाले की कुणी हात लावायचा नाही. गर्दीत 'कुणीतरी फोन करा' म्हणून ओरडायचे नाही, एकाकडे बोट दाखवून त्यालाच सांगायचे; नाहीतर कुणीच करत नाही. आणि यंत्र फलाटावर भिंतीला टांगायचे, कुणाचाही हात पोचेल असे.

इथे कॅशियरला ठसका लागला. "एक लाख बारा हजार आठशे चाळीसची वस्तू? उघड्यावर?"

मालकाने मान डोलावली. यंत्र वरच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात गेले. कपाटाला कुलूप, किल्ली कॅशियरच्या कमरेला, आणि शेजारी एक नवी वही: कोणी नेले, कशासाठी, परत केल्याची सही. सगळ्यांना ते रीतसर वाटले. घण्यालासुद्धा.

आता त्या फलाटाची एक चाल सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. पूर्वी लादीवाले आणि ट्रकवाले तोंडावर मारामारी करायचे. मग मालकाने नियम केला की ज्याचे तोंड सुजलेले दिसेल त्याचा एक दिवस कापायचा, मारणारा असो की मार खाणारा. तेव्हापासून भांडण मिठाच्या पाण्याच्या टाकीमागे न्यायचे आणि छातीवर मिटवायचे. शर्टाखालचे मालकाला दिसत नाही. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, हात पाठीमागे बांधायचे, आणि पाळीपाळीने एकेक ठोसा छातीवर घ्यायचा. जो मागे सरकेल तो हरला. धाकट्याने आधी छाती द्यायची, थोरल्याने मारायचे. मग थोरल्याने छाती द्यायची. याला 'छाती देणे' म्हणत. वीस वर्षांत यात कुणाला काही झाले नव्हते, म्हणून यात काही होत नाही असे सगळे धरून चालले होते.

घण्याचा मेहुणा त्याच कारखान्याचा बर्फ वाहणाऱ्या ट्रकवर होता. चौतीस वर्षांचा, देखणा, बोलायला साखर. पण दोन घोट पोटात गेले की साखरेला मुंग्या लागायच्या. म्हातारी आई त्याच्याकडे राहायची. जूनच्या तेरा तारखेला, सकाळी सात वाजता, ती उजवा हात टॉवेलात गुंडाळून घण्याच्या दारात उभी राहिली. मनगट सुजून दुधीभोपळ्यासारखे झाले होते.

"जिन्यावरून पडले, जावईबापू."

"तुमच्या घराला जिना नाही," घण्या म्हणाला.

घण्याच्या बायकोने टॉवेल सोडला. मनगटाच्या वर, दंडावर, चार बोटांचे निळे वळ होते. तिने टॉवेल पुन्हा गुंडाळला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, तुम्ही यात पडू नका. माझा भाऊ आहे, मी बघते."

"मी तोंडाला हात लावणार नाही त्याच्या."

"तुमचं 'तोंडाला' मला कळतं!"

त्याने आकडा उचलला आणि कामावर गेला. डोळ्यांसमोर ते चार वळ होते आणि कानात ओल्या दोराचा आवाज.

दुपारी एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. कॅशियर कुलूप तपासून, किल्ली कमरेला लावून, घरी जेवायला गेला. निवडलेल्या सहांपैकी चौघे दुसऱ्या पाळीचे. कोपऱ्यापलीकडे चुरामावशी मशीन चालू ठेवूनच भाकरी खात होती. फलाटावर पाच-सहा ट्रकवाले डबे उघडून बसले होते. घण्या मेहुण्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ऊठ. टाकीमागं चल."

"भाऊजी, जेवू तर द्या."

"तुझ्या आईला कालपासून घास उचलता येत नाहीये. तू कशाला जेवतोस?"

डबे बंद झाले. मेहुणा हसला, पण हसणे ओठांवरच राहिले. "ती पडली. तिलाच विचारा."

"विचारलं. जिन्यावरून पडली म्हणाली. जिना कधी बांधलास?"

एक ट्रकवाला फस्सकन हसला, आणि त्या हसण्याने मेहुण्याचे डोके फिरले. तो उठला, टाकीमागे गेला, हात पाठीमागे बांधले आणि छाती पुढे काढली. "घ्या. मारा. मग माझी पाळी आहे हे विसरू नका. आज तुमचा चुराच करतो, चुरा."

बापाला दिलेला तो एक फटका सोडला, तर घण्याने आजवर कुणाला असे मारले नव्हते. त्याने खांदा मागे नेला आणि सगळ्या अंगानिशी ठोसा दिला, मधोमध, जरासा डावीकडे.

मेहुणा मागे सरकला नाही. तो उभा राहिला. एक क्षण, दोन क्षण. चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव आला. मग डोळे वर गेले आणि तो सरळ, कापलेल्या लादीसारखा, ओल्या फरशीवर पडला. डोके फरशीवर आपटले त्याचा आवाज टाकीवरून परत आला.

"ए, नाटक बस कर," ट्रकवाला म्हणाला.

घण्या वाकला. खांदे धरून हलवले, नावाने हाक मारली. काही नाही. छाती हलत नव्हती. मग घशातून आवाज आला: घर्र. थांबून, पुन्हा घर्र.

"श्वास चालू आहे," मागून कुणीतरी म्हणाले. "पाणी आणा, पाणी!"

हेच शब्द घण्याने डिसेंबरात ऐकले होते, याच फरशीवर. त्याने मान वर केली आणि बोट रोखले. "तू! निळा शर्ट! रुग्णवाहिकेला फोन कर. हृदय बंद पडलंय म्हणून सांग. तूच कर!" आणि तो गुडघ्यांवर बसला, हातावर हात ठेवला, कोपरे ताठ केली आणि जिथे मारले होते तिथेच दाबले.

एक, दोन, तीन. चौथ्याला कट् असा आवाज झाला. सहाव्याला पुन्हा. लादीत चीर जाते तसा. हाताखाली हाड सरकलेले त्याला कळले. तो थांबला नाही.

ट्रकवाल्यांना काय दिसत होते? घण्या नावाच्या माणसाने त्यांच्या दोस्ताला एका ठोशात आडवा केला, आणि आता पडलेल्या, घर्र-घर्र श्वास घेणाऱ्या माणसाच्या उरावर बसून तो त्याच्या बरगड्या मोडतो आहे. निवडलेल्या सहांत ट्रकवाले नव्हतेच. ते ठेकेदाराचे, त्यांना कोण शिकवणार?

"मारून टाकतोय हा! अरे ओढा त्याला!"

पहिली लाथ घण्याच्या कुशीत बसली. दुसरी मांडीवर. एकाने मागून केस धरून मान खेचली. घण्याने मान सैल सोडली, पण हात तिथेच ठेवले. "दाबतोय मी! दाबतोय! नाहीतर मरेल!" त्याचे शब्द चुरा मशीनच्या खडखडाटात गेले. उंचापुऱ्या टँकरवाल्याने ट्रकमधून टॉमी आणली, टायर खोलायचा लोखंडी दांडा, आणि दोन्ही हातांनी घण्याच्या डाव्या खांद्यावर घातली. खांद्याचे हाड मोडल्याचा आवाज घण्याला आपल्याच कानात ऐकू आला. डावा हात लुळा पडला. त्याने उजव्या हाताच्या टाचेवर सगळा भार घेतला आणि मोजत राहिला. अकरा, बारा, तेरा. टॉमीचा दुसरा फटका कानावरून घसरला. कान फाटला आणि रक्त मेहुण्याच्या शर्टावर टपटप पडायला लागले. ते पाहून ट्रकवाले आणखी पेटले. रक्त कुणाचे ते कोण बघतो?

एवढ्यात मशीन बंद झाले. चुरामावशी भाकरीचा तुकडा तोंडात तसाच ठेवून कोपऱ्यातून आली. तिने एका नजरेत ओळखले. "मारत नाहीये तो, मेल्यांनो! दाबतोय! सिस्टरनं शिकवलंय!"

"तू बाजूला हो, म्हातारे!"

मावशी वळली. भिंतीला लावलेला आकडा उचलला, टँकरवाल्याच्या पोटरीत टोक घातले आणि ओढले. तो किंचाळून खाली बसला. "आता जो याला हात लावील त्याच्या पोटात घालीन," ती म्हणाली. ट्रकवाले दोन पावले मागे सरले. मग ती घण्याच्या कानाशी वाकली. "भडव्या, सोडत नाहीयेस तू! सगळा भार तसाच ठेवलायस! सोड, वर येऊ दे छाती! माझ्या मशीनसारखं. ढकल, घे मागं! ढकल, घे मागं!"

घण्याने ऐकले. मोडलेल्या खांद्याने, एका हाताने, तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने भार दिला आणि काढला, दिला आणि काढला. मेहुण्याच्या ओठांचा निळसरपणा किंचित, अगदी किंचित, उतरला.

"आणते मी," म्हणून मावशी जिन्याकडे पळाली. "निळा शर्ट, लागला का फोन? मग बस इकडं, तो दमला की तू दाब! बघ कसं करतोय ते!"

ती वर गेली, आणि मग खाली ऐकू आला तो पत्र्याचा आवाज. कुलूप तुटत नव्हते. मावशीने आकडा कपाटाच्या दाराच्या फटीत घातला, पाय भिंतीला लावले आणि सगळे अंग मागे टाकले. पत्रा ओरडला. पुन्हा टाकले. तिसऱ्यांदा दार बिजागरीसकट फाटले. डबा घेऊन ती खाली आली तेव्हा तिच्या तळव्याची चामडी लोंबत होती आणि डब्यावर तिच्या रक्ताचे ठसे होते.

निळ्या शर्टवाला रडत रडत दाबत होता. घण्या एका हाताने शर्ट फाडत होता. छाती बर्फाच्या पाण्याने चिंब. "कोरडं! कोरडं कर आधी!" मावशीने स्वतःचा डबा बांधायचा फडका घेतला, भाकरीचे तुकडे झटकले आणि खसाखसा छाती पुसली. एक पट्टी उजव्या खांद्याखाली, दुसरी डाव्या कुशीत. बाईचा आवाज बोलायला लागला, शांत, जणू कुणी घाईत नाही.

"तपासणी सुरू आहे. रुग्णाला हात लावू नका."

मग: "झटका आवश्यक आहे. लांब व्हा."

"लांब! लांब व्हा सगळे!" मावशीने आकडा फिरवला. घण्या गुडघ्यांवर मागे सरकला. तिने बटण दाबले.

मेहुण्याचे अंग फरशीवरून उसळले आणि धप्पकन पडले. ट्रकवाल्यांपैकी एक जण तोंडावर हात घेऊन भिंतीकडे वळला.

"छाती दाबणे सुरू करा," बाई म्हणाली.

"अजून?" घण्या म्हणाला.

"सुरू कर म्हणते ना ती!"

आणखी दोन मिनिटे. ट्रकवाले आता मोजत होते, टँकरवाला पोटरी धरून बसल्या जागेवरून मोजत होता. दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा म्हणाले, हात लावू नका. आणि मग, झटक्याची आवश्यकता नाही. मेहुण्याने एकदम मान वळवली, ओकला, आणि एक शिवी दिली. ती अस्पष्ट होती, पण शिवीच होती. घड्याळात एक वाजून बत्तीस मिनिटे झाली होती. रुग्णवाहिका एकेचाळीसला आली.

इस्पितळात डॉक्टरने घण्याचा खांदा बांधला, कानाला नऊ टाके घातले आणि विचारले, "ठोसा नेमका कुठं मारलात?" घण्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. "नेमक्या जागी, नेमक्या क्षणी फटका बसला की निरोगी हृदयसुद्धा असं बिघडतं. क्वचित होतं. तुमच्या नशिबी आलं."

"बरगड्या किती मोडल्या?"

"सहा. दाबताना मोडल्या. त्याच्यासाठी कुणी तुरुंगात घालत नाही."

"आणि ठोशासाठी?"

डॉक्टरने दाराकडे बोट केले. ते काम हवालदाराचे होते, आणि हवालदार बाहेर बाकावर बसलेलाच होता.

सासूबाई आल्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. त्यांनी काचेतून मुलाकडे पाहिले, नळ्या पाहिल्या, आणि मग जावयाकडे वळून डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. घण्याचे टाके दुखून डोळ्यांत पाणी आले.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझा हात, माझा मुलगा. मी बघून घेतलं असतं."

"हो," घण्या म्हणाला.

"तुमच्यामुळं मेला होता तो."

"हो."

"आणि वाचवलाही तुम्हीच म्हणतात." त्या बाकावर बसल्या. "आता मी काय करू, ते तरी सांगा. शिव्या देऊ का पाया पडू?"

बायको मधे बसली, एका बाजूला आई, एका बाजूला नवरा, आणि तिघे तसेच सकाळपर्यंत बसले.

पाचव्या दिवशी हवालदाराने मेहुण्याचा जबाब घेतला. घण्या दाराबाहेर उभा होता. चौकशी चालू झाली तर नोकरी जाणार, कदाचित आतही जाणार, हे त्याला ठाऊक होते. त्याने बायकोला तसे सांगूनही ठेवले होते.

"कसा पडलात?"

मेहुण्याला श्वास घ्यायलाही दुखत होते. "घसरलो. फरशी ओली असते."

"आणि छातीवर ठोसा?"

"कसला ठोसा? घसरलो म्हणतो ना."

हवालदाराने म्हातारीच्या प्लॅस्टरकडे पाहिले. "आणि तुम्ही, आजी?"

"मी पण. जिन्यावरून."

"आमच्या माहेरी सगळे घसरतातच," घण्याची बायको म्हणाली. हवालदाराने वही मिटली.

कॅशियरने फाटलेले कपाट पाहिले. वही काढली, मावशीचे नाव लिहिले, 'कशासाठी' या रकान्यापाशी लेखणी धरून बराच वेळ बसला, आणि शेवटी तो रकाना कोराच ठेवून वही बंद केली. संध्याकाळी त्याने स्वतः खिळे ठोकून यंत्र फलाटावर टांगले. खिळा वाकडा गेला, बोटावर हातोडी बसली, पण दुसऱ्या कुणाला त्याने हात लावू दिला नाही. पुढच्या महिन्यात सिस्टर पुन्हा आली. या खेपेला ट्रकवालेही होते, आणि टँकरवाला लंगडत पहिल्या रांगेत.

सासूबाई घण्याकडेच राहिल्या. मेहुण्याने आईला घ्यायला दोनदा निरोप पाठवला. त्यांनी दोन्ही वेळा "दारू सुटली की बघू" असा परत पाठवला. तिसऱ्यांदा तो स्वतः आला, दारातच उभा राहिला आणि आईच्या मनगटाकडे बघून "हात कसा आहे?" म्हणाला. "वळतो," त्या म्हणाल्या. एवढेच झाले. तो चहा न घेता गेला.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला तो कामावर परतला. ट्रक नाही, दाराशी बसून गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहायच्या. जेवणाच्या सुट्टीत घण्या त्याच्यापाशी गेला आणि मानेने टाकीकडे खूण केली. दोघे टाकीमागे गेले. मागोमाग अख्खा फलाट गेला, आणि चुरामावशी यंत्राचा डबा काखेत मारून.

घण्याने हात पाठीमागे बांधले. डावा खांदा अजून पुरता मागे जात नव्हता. "घे. तुझी पाळी."

मेहुण्याने मूठ वळली. ती घण्याच्या छातीवर टेकवली आणि तिथेच धरून ठेवली. त्याने घण्याच्या तोंडाकडे पाहिले, मग फरशीकडे, जिथे तो पडला होता तिथे.

"डॉक्टर म्हणालेत, वर्षभर जोर लावायचा नाही."

"मग?"

"मग वर्षभर थांबा."

"आणि वर्षानं?"

"वर्षानं बघू. ठोसा सोडला असं म्हटलेलं नाही मी, भाऊजी."

तो वळला आणि चिठ्ठ्या लिहायला गेला. मेहुण्याचे घण्याकडून एका ठोशाचे येणे आहे. ते अजून वसूल झालेले नाही.